गार एकदाच पडली होती

आमच्या बागेची दोन वर्षं गारेनं खाल्ली, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. सोसायटीत सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं, बँकेच्या साहेबापुढं तर आवाज जरा जड करून सांगितलं. मार्च २०१४ म्हटलं की निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला पुढचं काही समजावून द्यावं लागत नाही. त्यामुळं माझं बोलणं कुणी उलटून तपासलं नाही. खरा हिशेब असा आहे की गारेनं एकच वर्ष खाल्लं, दुसरं मी खाल्लं. आणि पहिल्यातलाही मोठा घास माझाच होता.

बाग तीन एकर. कादवा नदीच्या अंगाला, काळ्या जमिनीत. सगळी थॉमसन, डॉगरिजच्या खुंटावर कलम भरलेली, नऊ बाय पाच फुटांवर. लावली नानांनी, म्हणजे वडिलांनी. २०११ला त्यांचे गुडघे गेले आणि कारभार माझ्याकडं आला. कारभार आला म्हणजे चेकवर सही माझी आली. बाग कळायला अजून पुष्कळ अवकाश होता, पण हे मला तेव्हा कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तर मी कुठं ऐकणार होतो.

द्राक्षाचा वसंत बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतो. इतर झाडांना चैत्रात पालवी फुटते. आमच्या वेलीचा फाल्गुनात माल उतरवायचा, पंधरा-वीस दिवस तिला विसावा द्यायचा आणि चैत्रात तिचं डोकं भादरून टाकायचं. ही खरड छाटणी. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या हातावर, एकेक डोळा ठेवून वर्षभराची सगळी काडी खाली. बाग नुसता सांगाडा दिसते, मांडवाच्या तारा उघड्या पडतात, एप्रिलचं ऊन थेट जमिनीवर येतं. याच्यातून द्राक्ष मिळत नाही, मिळते नवी काडी. द्राक्ष मिळतं ते ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर. म्हणून नवखा बागायतदार ऑक्टोबरला जीव लावतो आणि एप्रिलची छाटणी उरकून टाकतो. मी तर उरकलीसुद्धा नाही, ते पुढं येईलच.

तर २०१४. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक व्यापारी बाग बघायला आला. माल चांगला होता. रिफ्रॅक्टोमीटरवर शुगर सतरा आली होती, मणी कडक, घडाला पेपर लावलेले असल्यामुळं रंग एकसारखा. त्यानं चार-पाच ओळी फिरून किलोला अडतीस रुपये लावले. मी बेचाळीसवर अडलो, कारण पलीकडच्या शिवारात एका बागेला बेचाळीस मिळाल्याचं मी ऐकलं होतं. ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "दादा, आभाळ बघा जरा." मी आभाळ बघितलं नाही, त्याचा चेहरा बघितला आणि मनात म्हटलं, हा भाव पाडायला आभाळ दाखवतोय.

तीस टनांचा अंदाज होता. चार रुपयांचे तीस टनांवर एक लाख वीस हजार होतात. हा आकडा मी रोज रात्री पडल्या पडल्या पाठ म्हणायचो. अडतीस रुपयांचे अकरा लाख चाळीस हजार होतात, हा आकडा मात्र मी गार पडून गेल्यावर मांडला.

तसं बघितलं तर आभाळ आधीपासूनच बिघडलेलं होतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत त्या वर्षी राज्यात ठिकठिकाणी गारपीट चालली होती. आज इथं, उद्या तिथं. रोज पेपरात फोटो. आणि तरी माणसाला वाटतं की आपल्या बांधाशी येऊन ढग वळेल. आमच्याकडं संध्याकाळी आली. आधी वारं, मग मातीचा वास, मग पत्र्यावर कुणी खडी ओतावी तसा आवाज. दहा-बारा मिनिटं चाललं असेल. त्यात घरात कुणी कुणाशी बोललं नाही. थांबल्यावर बॅटरी घेऊन बाहेर पडलो, तर मांडवाखाली पांढरं दिसत होतं आणि त्यावर हिरवे मणी. गारा थंड, मण्यातला रस चिकट. पायातली चप्पल प्रत्येक पावलाला चिकटून सुटत होती, तिचा चक्-चक् आवाज मला अजून येतो. चौथ्या दिवशी बागेत आंबूस वास सुटला. घडावर माश्यांचं मोहोळ. पेपराच्या आत उरलेला घड दिसायला धड दिसायचा आणि हातात घेतला की मागून पाणी गळायचं.

व्यापाऱ्याचा फोन आला. भाव विचारायला नव्हे, नुसता चौकशीला. मी उचलला नाही.

इथवरची गोष्ट मी पूर्वीही सांगायचो, फक्त अडतीस-बेचाळीस गाळून. आता जे सांगणार आहे ते घरातसुद्धा नीट सांगितलेलं नव्हतं.

आमच्याकडं सुरगाण्याकडची टोळी असायची, चौदा माणसं. ऑक्टोबरच्या छाटणीला येत. पेस्टिंग, फेलफूट काढणं, डिपिंग, विरळणी, पेपर लावणं, अशी सगळी कामं उक्ती करून होळीला घरी जात आणि होळी करून खरड छाटणीला परत येत. मळ्यात त्यांच्यासाठी दोन पत्र्याच्या खोल्या आहेत. होळी त्या वर्षी १६ मार्चला होती. दोन दिवस आधी मुकादम ओट्यावर येऊन बसला. टोळीचे शेहेचाळीस हजार बाकी होते.

मी म्हटलं, "माल गेला, बघतोस ना. पैसे कुठून देऊ?"

तो म्हणाला, "भाऊ, तुमचं झालं ते डोळ्यानं बघितलं. पण होळीला मोकळ्या हातानं कसं जाऊ? आमची दिवाळी हीच."

आता खरं सांगतो. घरात पैसे होते. शेहेचाळीस नसतील, पण तीसेक हजार होते. औषधाच्या दुकानदाराला द्यायला ठेवले होते, आणि तो काही दारात येऊन बसला नव्हता. माझ्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. गेल्या वर्षी शिवारातल्या दोन टोळ्या होळीला गेल्या त्या परत आल्याच नव्हत्या, जास्त उक्तं देणाऱ्याकडं वळल्या होत्या. मला वाटलं, बाकी अडकवून ठेवली की टोळी परत येईलच, जाते कुठं. म्हणून सहा हजार हातावर ठेवले आणि म्हटलं, "उरलेले छाटणी झाल्यावर एकरकमी देतो." गारेनं मारलं म्हणून दिले नाहीत, असं मी स्वतःलाही पटवलं होतं. गार पडली नसती तरी थोडेफार अडकवले असतेच.

मुकादमानं नोटा मोजल्या नाहीत, घडी करून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप आली. माणसं गेली. चुली मोडून, जागा झाडून गेली. दर वर्षी चुली तशाच ठेवत.

पाडवा झाला, टोळी नाही. फोन लागत नव्हता. लागला तेव्हा "येतो" म्हणाले आणि आले नाहीत. एप्रिल अर्धा सरला. शिवारात सगळीकडं कात्र्या चालू होत्या आणि माझ्या बागेत गारेनं फाटलेली पानं तारेवर वाळत होती. माणसं मिळत नव्हती हे खरं, पण मी शोधलीही नव्हती. सकाळी उठायचो, ओट्यावर बसायचो, नुकसानभरपाईच्या यादीत नाव आलं का ते विचारायला तलाठ्याकडं जायचो. दुखवट्याला बसल्यासारखा मी महिनाभर बसलो. बागेला त्या महिन्यात छाटणी हवी होती आणि गारेनं काडीला, ओलांड्याला जिथं साल फोडली होती तिथं बोर्डो मिश्रणाचा हात हवा होता. दोन्हीपैकी काही मिळालं नाही.

छाटणी लागली ती अक्षय्यतृतीयेनंतर, मे महिन्यात, जास्तीचं उक्तं देऊन आणलेल्या अनोळखी माणसांकडून. पारा चाळिशीला टेकलेला, विहीर खाली गेलेली. एवढ्या उन्हात छाटलं तर डोळे फुटेपर्यंत ओलांड्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारून गारवा ठेवावा लागतो. मी टँकर मागवायला कुचराई केली. फूट मागंपुढं झाली. एका ओलांड्यावर वीतभर कोंब, शेजारी डोळा अजून झोपलेला.

मग घाई सुटली. मागं पडलेली बाग दामटायची म्हणून युरियाच्या दोन गोण्या जास्त सोडल्या. पाऊस लागल्यावर बाग अशी भरली की बघणारा म्हणेल, वा! नऊ बाय पाचच्या वेलीवर तीस-पस्तीस काड्या राखायच्या असतात, बाकीची फूट कोवळी असतानाच काढायची. नवव्या पानावर आली की सातवर शेंडा मारून सबकेन करायची. माझ्या वेलीवर साठ-सत्तर काड्या होत्या. काढायला हात पुढं होईना. एवढं गमावलेल्या माणसाला हिरवं काही खुडून टाकवत नाही. मांडवाखाली उभं राहिलं तर भर दुपारी अंधारल्यासारखं व्हायचं आणि मला ती सावली सुखाची वाटायची.

पुढच्या फेब्रुवारीचा घड कधी ठरतो ते इथं सांगायला हवं. छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात. डोळ्याच्या पोटात तेव्हा एक गाठ असते. तिला उजेड, ऊन आणि बेताची वाढ मिळाली तर तिचा घड होतो, नाही मिळाली तर बाळी. बाळी म्हणजे तारेला विळखा घालणारा तो तंतू. घड आणि बाळी मुळात एकाच गाठीची लेकरं आहेत. म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला छाटतात, तो काळ मेच्या उन्हात पडावा आणि पावसाळी ढगात सापडू नये एवढ्यासाठी. गंमत अशी की २०१४चा पाऊस उशिरा आला. जून जवळजवळ कोरडा गेला. उशिरा छाटूनही आभाळानं मला सूट दिल्यासारखं केलं होतं. ऊन वर भरपूर होतं. ते खाली डोळ्यापर्यंत पोचू दिलं नाही ते माझ्या साठ-सत्तर काड्यांनी.

सप्टेंबरात काड्या घेऊन पिंपळगावला डोळे तपासायला गेलो. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या दहा काड्या. तपासणाऱ्या मुलानं पहिली काडी घेतली, ब्लेडनं डोळ्याचा उभा काप घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, बघितला, पुढचा घेतला. दोन काड्या झाल्यावर मला म्हणाला, "काका, बघा तुम्हीच." भिंगात आधी नुसतं हिरवट धुकं दिसलं. मग त्यानं स्क्रू फिरवला. घड असला तर तुतीच्या कच्च्या फळासारखा दाणेदार गोळा दिसतो. त्यानं दुसऱ्या कुणाच्या काडीचा काप लावून दाखवला, म्हणून कळलं. माझ्या डोळ्यात एक बारीक, वाकडी, गुळगुळीत कळी होती, लहान मुलाच्या करंगळीसारखी. बाळी. दहापैकी सात काड्यांत तेच. तीनमध्ये घड होता, पण तोही गोळी घड, म्हणजे बारीक, कमजोर.

त्यानं विचारलं, "खरड कधीची?" मी म्हणालो, "एप्रिलची." त्या पोराशी खोटं बोलून मला काय मिळणार होतं देव जाणे.

घरी आलो. नाना ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "गारेचा मार लागलाय काडीला. घड नाहीत."

नानांनी काही वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाले, "मार्चची गार. ही काडी फुटली मे सरता सरता. गार काय जमिनीत थांबून ऱ्हायली होती का रे?"

मी आत जायला निघालो, तर मागून दुसरा प्रश्न आला, "सुरगाण्याच्या माणसांचे पैसे दिले का?"

मी "देतो" म्हणालो. त्यांनी हे कसं हेरलं ते मी विचारलं नाही. मोडलेल्या चुली त्यांनीही पाहिल्या असणार; मळ्यात रोज एक फेरी काठी टेकत का होईना, पण होत होतीच.

ऑक्टोबरला गोडी छाटणी केली. बारा-पंधरा दिवसांनी पोंगा उघडून घड दिसायला लागतात. सकाळी दहिवरात ओळीनं फिरायचो. फूट जोमदार, पान तळहाताएवढं, आणि घडाच्या जागी बाळी. कुठं थोडा घड निघालेला, तोही आठ दिवसांत जिरून लांब व्हायचा आणि तार शोधायचा. त्या हंगामात तीन एकरांत पाच टनसुद्धा माल झाला नाही. बँकेत गेलो तेव्हा "गारपीटग्रस्त" हा शब्द हाताशी होताच.

टोळीचे पैसे द्यायला मी गेलो ते पुढच्या होळीच्या आधी, २०१५त. सुरगाण्याच्या पुढं, रस्ता संपल्यावर चालत. मुकादमाच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं वाढलं. चाळीस हजार पुढं ठेवले. या वेळी त्यानं मोजले, सगळ्यांसमोर, दोनदा. मग म्हणाला, "भाऊ, त्या होळीला दोन घरांत पोरांना कपडा झाला नव्हता." एवढंच. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, यंदा येता का. तो म्हणाला, दिंडोरीकडं शब्द दिलाय. त्यानं पाणी भरून दिलेली बाटली घेऊन मी उतरलो.

यानंतर मी शहाणा झालो असेन असं कुणाला वाटत असेल, तर तसं काही नाही. मी दुसऱ्या बाजूला पडलो. वाढ फार होते म्हणून पुढच्या खरडीला लिहोसिनच्या फवारण्या ठरल्यापेक्षा वाढवल्या. याच औषधाच्या अंशामुळं २०१०ला आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. ते औषध काडीत साठून राहतं आणि पुढं मण्यात उतरतं, हे तेव्हा गावोगाव चर्चासत्रांतून सांगितलेलं. मी स्वतः अशा एका चर्चासत्रात चहा-पोहे खाऊन आलो होतो. एक्सपोर्टचा नमुना नापास झाला तेव्हा दोष कुणावर टाकावा तेही सुचेना.

आणि २०१६ला गारेच्या भीतीनं कच्चाच माल दिला. मोबाईलवर तीन जणांचे अंदाज यायचे. एक म्हणायचा नाशिकच्या उत्तरेला, दुसरा दक्षिणेला, तिसरा "सतर्क राहावे" एवढंच टाकून मोकळा. मी तिन्ही वाचायचो आणि त्यातला सगळ्यात वाईट खरा धरायचो. शुगर चौदा असताना व्यापाऱ्याला बोलावलं. त्यानं मणी तोंडात टाकला, चेहरा वाकडा केला आणि माझ्या घाईचा भाव लावला. आठ दिवसांत बाग रिकामी झाली. त्या मार्चमध्ये आमच्या शिवारात एक थेंब पडला नाही. शेजाऱ्यानं तीन आठवड्यांनी अठराच्या शुगरचा माल दिला आणि पेढे वाटले. पेढा घशाखाली उतरायला त्रास झाला.

काही गोष्टी मात्र आता नेमानं होतात. खरड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, कोण आलं, कोण गेलं, त्याला न बांधता. फूट तीन-चार पानांची असताना विरळणी मी स्वतः करतो, कारण भाड्याचा माणूस जास्तीची काडी ठेवतो आणि मालक तर त्याहून जास्त ठेवतो. माझ्या हाताला आता खुडायची सवय लावलीय. पहिल्या दोन-तीन ओळींत अजून जीव कासावीस होतो, पुढं होत नाही. टोळी आता पेठकडची आहे. तिची बाकी होळीच्या चार दिवस आधी मोकळी करतो. यंदाची रक्कम कालच पाकिटात घालून कपाटात ठेवलीय, वर मुकादमाचं नाव घालून, म्हणजे माझाच हात तिकडं जायला नको.

नाना गेले त्याला पाच वर्षं झाली. मुलगा म्हणतो, प्लॅस्टिक आच्छादन करू, गार-पावसाची कटकट संपेल. एकरी काही लाखांचा मामला आहे. करूही कदाचित. त्याचं बोलणं चुकीचं नाही, फक्त तो ते बोलतो तेव्हा मला शेहेचाळीस हजार आठवतात. त्यांच्यावर कुठलं आच्छादन घालणार, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

आज फाल्गुनातली नवमी. दीड एकराचा माल उतरलाय, दीड एकर वेलीवर आहे. शुगर साडेसतरा. सकाळी व्यापारी येऊन गेला. त्यानं भाव चांगला लावला. मी म्हटलं, "दोन रुपये वाढवा, मग बघू." तो म्हणाला, "परवा फोन करतो."

पोराची आई चहा घेऊन आली तेव्हा मी पश्चिमेकडं बघत बसलो होतो. तिकडं एक पांढरा ढग होता, कापसाच्या बोंडाएवढा. तिनं कप ठेवला, त्या ढगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नंबर आहे ना त्याचा?"

मोबाईल हातातच होता.